ढिगातला ओंडका

“चोरलं, साहेब,” मैनाबाई म्हणाली.

बोरीकर साहेबांनी अजून तिला नीट विचारलंही नव्हतं. मोटारसायकल रस्त्याकडेला लावून ते बंडीपाशी आले होते. सालीची पोती बाजूला सारून त्यांनी तळाचा सागाचा ओंडका बुटाच्या टोकाने हलवला आणि “हे कुठलं?” एवढंच म्हटलं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं, पण माझ्याआधी मैनाबाई बोलून मोकळी झाली.

“चोरलं म्हणजे?”

“म्हंजे चोरलं. जंगलातून आनलं. कोनाले इचारलं नाई.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मैनाबाईकडे पाहिलं. ती बैलाच्या पाठीवरची गोमाशी हाकत होती.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वनरक्षक म्हणून नोकरीला लागून मला आठ महिने झाले होते. माझं गाव वर्ध्याकडचं, घरी कापूस आणि तूर. जंगल मी पाहिलं ते नोकरीतच. पहिलीच नेमणूक चंद्रपूरच्या पूर्वेला, भानसरा नावाच्या लाकूड डेपोवर झाली. जंगलात तोडलेलं लाकूड तिथे ट्रकने यायचं, त्याची मापं घ्यायची, लांबी-गोलाईप्रमाणे थप्प्या लावायच्या, आणि लिलाव झाला की व्यापारी उचलून न्यायचे. थप्पीत बसणाऱ्या प्रत्येक नगावर सरकारी हातोड्याचा छाप आणि नंबर असायचा.

जे थप्पीत बसत नसे ते कुंपणाशी फेकलं जाई. कापलेली टोकं, पोकळ निघालेले तुकडे, गाठीचं वाकडंतिकडं लाकूड, गळून पडलेली साल, भुसा. या सगळ्याचा डेपोच्या मागच्या अंगाला घरापेक्षा उंच ढीग झाला होता. उन्हाळ्यात तो पेटला तर अख्खा डेपो जाईल अशी सगळ्यांना धास्ती असायची. म्हणून शेजारच्या कोसमटोला गावातल्या बायका दर आठवड्याला बंडी घेऊन यायच्या आणि त्यातलं लागेल ते न्यायच्या. त्यांना कोणी हटकत नसे. उलट ढीग कमी होतो म्हणून सगळ्यांना बरंच वाटायचं.

मैनाबाई सिडाम ही त्या बायकांची म्होरकी. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. गावच्या वन समितीची अध्यक्षही तीच होती. कुठल्याशा संस्थेने कधीकाळी त्यांना पायाने चालवायचा एक लेथ दिला होता, शिलाई मशीनसारखा पायटा असलेला. त्यावर त्या सागाच्या गाठीची लाटणी, पोळपाट, भोवरे काढायच्या. हळदूच्या झाडाच्या पिवळट तुकड्यांच्या फण्या करायच्या. वाकड्या फांदीत त्यांना पळीचा दांडा दिसायचा. सालीचा चुरा शेणात कालवून चुलीसाठी वड्या थापायच्या. चौदा घरं त्यावर चालत होती, आणि त्यातल्या नऊ घरांतली माणसं आता मिरची तोडायला तेलंगणात जात नव्हती.

आणि तो ओंडका चोरीचा नव्हता. हे मला जितकं पक्कं माहीत होतं तितकं दुसऱ्या कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं, कारण सोमवारी दुपारी डबा खायला मी त्याच्यावरच बसले होते. ढिगाच्या कडेला तो आडवा पडलेला. अडीच फूट लांब, एका टोकाला पोकळी. त्या पोकळीत लाल मुंग्यांचं वारूळ होतं. अर्धी पोळी खाऊन होते न होते तोच मुंग्या चढल्या, आणि मी डबा टाकून नाचत उठले. चौकीदार कवडूदादा कन्नाके लांबून हसत होता. त्याच पोकळीत मी रागाने चिखल कोंबला होता. गुरुवारी बंडीत पडलेल्या ओंडक्यात तो चिखल तसाच वाळून बसला होता.

“साहेब, हा तर...” मी सुरुवात केली.

“गार्डबाईनंच धरलं मले,” मैनाबाई मध्येच म्हणाली. “त्याईनंच बंडी थांबवली.”

बंडी मी थांबवली होती हे खरं. पण आईसाठी सांगितलेलं लाटणं झालं का, एवढं विचारायला. मी गोंधळून मागे सरले.

बोरीकर साहेब आमचे क्षेत्रसहायक, म्हणजे माझे लगेच वरचे अधिकारी. महिन्यापूर्वीच बदलून आलेले, चाळिशीचे, नियमाला पक्के, पण वाईट माणूस नव्हे. त्यांनी ओंडक्यावर हातोड्याचा छाप शोधला. तो नव्हताच. ढिगातल्या कशावरच छाप नसायचा.

“बाई, तुम्ही समितीच्या अध्यक्ष आहात. गुन्हा नोंदवला तर पद जाईल तुमचं.”

“जाऊ द्या.”

“कोणत्या झाडाचं आहे? खुंट दाखवा.”

चोरीचं लाकूड म्हटलं की ते तोडलं त्या झाडाचा जमिनीत राहिलेला बुंधा दाखवावा लागतो. तिथे मापं जुळवायची, मग पंचनामा. मला वाटलं, आता मैनाबाई अडकेल आणि खरं सांगेल. तिने बैल सोडून झाडाखाली बांधले, पदर खोचला आणि म्हणाली, “चला.”

आम्ही तिघं निघालो. फेब्रुवारीतली दुपार. सागाची पानगळ सुरू झालेली, पायाखाली पानं पापडासारखी मोडत होती. मैनाबाई पुढे, मध्ये साहेब, मागे मी. ती सरळ चालत नव्हती. एकदा नाल्याकडे वळली, मग परत आली, मग टेकाडाच्या बाजूला गेली. मधूनच थांबून इकडेतिकडे पाहायची. ती खुंट दाखवायला नाही, शोधायला निघाली आहे, हे मला अर्ध्या तासाने कळलं.

शेवटी एका ठिकाणी ती उभी राहिली. “हा घ्या.”

साहेब वाकले. मीही वाकले. खुंट सागाचाच होता. पण वरून करडा पडलेला, चिरा गेलेला, आणि बाजूने हातभर उंचीचे फुटवे आलेले. कापून निदान दोन पावसाळे झाले असतील. साहेबांनी टेप लावून गोलाई मोजली. आमचा ओंडका त्याच्या निम्माही नव्हता.

“हे झाड तुम्ही कधी तोडलं?”

“काल.”

साहेबांनी टेप गुंडाळला. मग रुमालाने मान पुसत मला म्हणाले, “डाखोरे, वीस वर्षं झाली मला या खात्यात. कुऱ्हाड हातात असलेली माणसं ‘मी नाही’ म्हणताना पाहिली आहेत. गुन्हा कबूल करायला अशी धडपडणारी बाई पहिल्यांदा बघतोय. हा काय प्रकार आहे?”

“मला नाही माहीत, साहेब.”

“मग माहीत करून घ्या. सोमवारी तुमचा लेखी जबाब द्या. तुम्ही डेपोवर असता, तुम्हाला काय दिसलं ते लिहा. तोवर ओंडका जप्त, बंडी जाऊ द्या.”

परत येताना मैनाबाई माझ्या बाजूने चालत होती. साहेब जरा पुढे गेल्यावर मी हळूच म्हटलं, “मैनाबाई, हे काय चाललंय? तो ओंडका ढिगातला आहे. मी त्याच्यावर बसले होते.”

“तुमी बसल्या असान दुसऱ्यावर.”

“त्यात मी कोंबलेला चिखल आहे.”

ती चालत राहिली. मग म्हणाली, “बाई, तुमी काई पाह्यलं नाई, असं लिवा. लहान गोष्ट हाय. एक लाकूड, एक बाई. होऊन जाईन.”

“अहो, पण तुमचं नाव गुन्ह्यात जाईल.”

“नाव काय, मातीत जाते एक दिवस,” ती म्हणाली आणि बैलांकडे गेली.

ते तीन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी कवडूदादाला विचारलं. साठीचा हा म्हातारा रोज सकाळी मला जंगलातल्या पाखरांची नावं सांगायचा. ढिगातून काय उचलावं हे बायकांना तोच दाखवायचा. सोमवारनंतर तो ओंडका त्यानेच बाजूला काढून ठेवला असणार.

“दादा, तुम्हीच दिलात ना तो ओंडका?”

तो चहाच्या चुलीत काटक्या सारत राहिला. “मैनाबाई म्हंते चोरलं, तं चोरलंच असन.”

“पण तुम्ही पाहिलं होतं. मुंग्या चावल्या तेव्हा तुम्ही हसला होतात.”

“म्हातारा मानूस मी, मॅडम. मले कायचं काय दिसते.”

डोळ्यांत डोळे घालून बोलणारा माणूस माझ्याकडे बघत नव्हता. झालं, मला कोडं सुटल्यासारखं वाटलं. डेपोतून छाप नसलेलं लाकूड बाहेर दिलं म्हणून कवडूदादाची नोकरी जाऊ शकते. वर्षभरात तो निवृत्त होणार होता. त्याला वाचवायला मैनाबाई सगळं अंगावर घेते आहे. मनातल्या मनात मी दोघांनाही हात जोडले. आणि ठरवलं, असा जबाब लिहायचा की दोघांपैकी कोणालाच धक्का लागणार नाही.

रविवारी मी सायकलवर कोसमटोल्याला गेले. समाजमंदिराच्या ओसरीत लेथ चालू होता. एक बाई पायटा मारत होती, दुसरी पटाशी धरून होती, आणि गाठीच्या ओबडधोबड लाकडातून लाटणं गोल होत बाहेर येत होतं. मी वही काढली. काय काय करता, एका बंडीत किती माल निघतो, कोण घेऊन जातं, सगळं विचारत सुटले. बायका आधी सांगत होत्या, मग एकेक करून गप्प झाल्या. मैनाबाई खांबाला टेकून उभी होती. तिने मला पाणी दिलं.

“कायले लिवून रायल्या एवढं?”

“तुमच्या भल्याचंच आहे. घाबरू नका.”

“भल्याचं हाय तं नका लिवू.”

मी हसले. मला वाटलं, अडाणी माणसाला कागदाची भीती असतेच. लाज वाटते आता, पण तेव्हा असंच वाटलं होतं. माझी वही भरत गेली, ते ती बघत राहिली.

जबाब तीन पानांचा झाला. मी लिहिलं की सदर ओंडका मी स्वतः डेपोच्या टाकाऊ ढिगात पाहिला आहे, पोकळीतील चिखल हा पुरावा आहे. लिहिलं की ढिगातील माल गावकऱ्यांनी नेण्याची जुनी वहिवाट आहे, त्यामुळे चौकीदाराचा काही दोष नाही. आणि मग, मैनाबाईची बाजू भक्कम व्हावी म्हणून, त्या मालापासून गावातील महिला अमुक अमुक वस्तू बनवतात याची यादी दिली. शेवटी लिहिलं की ज्याला आपण कचरा समजतो त्यातून या महिला मोलाच्या वस्तू निर्माण करतात, ही बाब कौतुकास्पद असून वरिष्ठांनी तिची दखल घ्यावी.

बोरीकर साहेबांनी तिन्ही पानं दोनदा वाचली. “उत्तम. फारच उपयोगी माहिती आहे ही. मला कल्पनाच नव्हती, डाखोरे.” त्यांनी प्रकरण बंद केलं. मैनाबाईवर गुन्हा नाही, कवडूदादावर ठपका नाही. माझा जबाब त्यांनी चांगला शेरा मारून वर पाठवला. त्या दिवशी मी आईला फोन करून सगळं सांगितलं. आई म्हणाली, “पुण्य लागलं गं तुला.”

ओंडका परत द्यायला मी मुद्दाम स्वतः थांबले. मैनाबाईने तो बंडीत टाकला. आभार मानले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर दर आठवड्याला एकीऐवजी तीन बंड्या यायला लागल्या. बायका ढिगावर तुटून पडल्यासारख्या माल भरायच्या. आधी निवडून न्यायच्या, आता मिळेल ते. मी कवडूदादाला म्हटलं, “आता यांना भीती उरली नाही, बघा.” तो चुलीकडे वळला. मैनाबाई आली तरी लांबूनच जायची. मी हाक मारली तर “हो बाई” म्हणायची आणि कामाला लागायची. माझं काय चुकलं ते मला कळेना. मी तिला गुन्ह्यातून सोडवलं होतं, तिचं पद वाचवलं होतं, तिचं कौतुक नागपूरपर्यंत पोचवलं होतं. कधी तिचा राग यायचा. कधी वाटायचं, जाऊन पाय धरावेत आणि विचारावं, बाई, मी केलं तरी काय?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून टेप घेऊन दोन माणसं आली. त्यांनी ढिगाची लांबी, रुंदी, उंची घेतली. चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या, त्यांना दोरी बांधली आणि पत्र्याची पाटी लावली. पाटीवर लिलावाचा लॉट नंबर होता. त्या आठवड्यात आलेल्या बंड्या मलाच परत पाठवाव्या लागल्या, कारण तसा लेखी आदेश माझ्या हातात होता. मैनाबाईने पाटी पाहिली, बैल वळवले आणि गेली.

वीस दिवसांनी ट्रक आले. दोन ट्रक, मग चार. माल वीटभट्टीला चालला होता. गाठीचं लाकूड, हळदूचे तुकडे, साल, सगळं एकत्र फावड्याने भरत होते. कवडूदादा आणि मी कुंपणाशी उभे होतो.

“दादा, हे कसं झालं?”

इतक्या दिवसांनी त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. “कागदावर चढलं म्हनून झालं, मॅडम. कचरा होता तवर कोनाचा नव्हता. मोलाचा झाला, मग सरकारचा झाला.”

त्याने कुंपणाच्या तारेवर हात टेकले.

“चार साल आधी पलीकडच्या डेपोवर असंच झालतं. तिथल्या बाया झाडू अन् टोपल्या करत. एका भल्या साहेबानं त्यायचं लय कौतुक लिवलं. दोन महिन्यांत ढिगाले नंबर पडला. मैनाबाईची पोरगी त्या गावात देली हाय. ते पोरगी आता मिरचीवर जाते.”

“म्हणून ती चोरी म्हणत होती?”

“चोरी म्हटली तं एका लाकडाची चौकशी होते. ढिगातलं म्हटलं तं ढिगाची होते.”

ट्रकवरच्या माणसाने वरून एक मोठी गाठ खाली ढकलून नीट बसवली. मला वही आठवली. कोणत्या लाकडापासून काय, किती, कोण घेतं. मी यादी करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कोसमटोल्याला गेले. लेथवर पोतं टाकलेलं होतं. मैनाबाई घराच्या अंगणात मोह वाळत घालत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. घरून पाठ करून आलेलं सगळं विसरले.

“माझ्यामुळे झालं,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली. मोहाची फुलं हाताने पसरत राहिली.

“मला सांगितलं का नाही तुम्ही? रस्त्यात, त्या दिवशी साहेब पुढे गेले होते. मी रविवारी आले होते. एकदा सरळ सांगितलं असतं, ढिगाचं नाव काढू नका म्हणून...”

ती हात झटकून आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. पण ती बाहेर आली ती हातात शाळेची वही आणि पेन घेऊन. नातवाची असावी, पहिल्या पानावर बेरजा होत्या.

“बसा,” ती म्हणाली. “तुमाले लिवता चांगलं येते. आता हे लिवा.”

“काय?”

“हा गेला तं गेला, पुढचा ढीग गावाले पायजे. बाराही महिने आमी आगीपासून डेपो राखतो, ढीग आमी साफ करतो. कोनं किती दिवसांपासून नेलं, कोनाची पोरं त्याच्यावर शिकली, थे लिवा. तुमच्या त्या तीन पानांत जे लिवलं थेच लिवा, पन आता आमच्या तोंडून. सरकारनं मोल पाह्यलं ना? आता आमचाबी हक्क पाहा म्हना.”

मी पेन हातात धरून बसले. सरकारी नोकराने आपल्याच खात्याविरुद्ध गावाचा अर्ज लिहायचा नसतो, हे मला माहीत होतं. माझा प्रोबेशनचा काळ होता. मी म्हटलं, “शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलं तर?”

“मास्तर लिवन. पन त्याले लाकूड कोनतं अन् टोक कोनतं थे समजत नाई.”

मोहाचा वास अंगणभर भरला होता. एकेक करून बायका येऊन ओसरीत बसल्या. कोणी मला बोल लावला नाही. त्यामुळे जास्तच अवघड झालं. मी लिहायला सुरुवात केली. मैनाबाई एक वाक्य सांगायची, दुसरी कोणी ते दुरुस्त करायची, मी कागदाच्या भाषेत उतरवायची. संपूर्ण अर्ज वाचून दाखवला तेव्हा मैनाबाई म्हणाली, “कौतुक काढा त्यातलं. कौतुक नोको.” मी ती ओळ खोडली. ग्रामसभेच्या ठरावाला जोडून अर्ज गेला. खाली एकशे सव्वीस सह्या आणि अंगठे होते.

मेच्या शेवटी बोरीकर साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर तो अर्ज होता. बाहेर कूलर चालू होता आणि त्यातून गरम हवा येत होती.

“वर पोचलाय हा,” ते म्हणाले. “चांगला लिहिलाय. मुद्देसूद आहे. गावातल्या कोणाचं काम वाटत नाही.” त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. “अक्षर ओळखीचं वाटतं मला. पण तिथले शाळामास्तर असंच लिहीत असतील. हो ना? मास्तरांचंच असेल.”

त्यांनी मला वाट करून दिली होती. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यांनी ती मनापासून करून दिली होती. नुसती मान हलवायची होती.

“माझं आहे, साहेब,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. “तुम्हाला विचारलं का मी?”

“नाही, साहेब.”

“मग?”

ते अर्ज फाइलमध्ये सरकवत म्हणाले, “जा तुम्ही.”

पावसाळा सुरू झाल्यावर दोन कागद एकाच आठवड्यात आले. एक गावाला. भानसरा डेपोचा टाकाऊ माल पुढील आदेश होईपर्यंत कोसमटोला ग्रामसभेला विनामूल्य उचलू द्यावा, त्याचा लिलाव करू नये. त्या अर्जावर बोरीकर साहेबांनी गावाच्या बाजूने शेरा मारला होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ‘पुढील आदेश’ अजून आलेला नाही. लेथ आता तीन आहेत, विजेवर चालणारे, आणि मैनाबाईची मुलगीही माहेरी येऊन त्यातला एक चालवते, असं ऐकते.

दुसरा कागद माझ्या बदलीचा होता. धुळे जिल्हा. ताबडतोब रुजू व्हावे.

मी निघाले त्या सकाळी रिमझिम होती. एस.टी.च्या फाट्यावर माझी पेटी आणि वळकटी घेऊन उभी होते. कवडूदादा सोडायला आला होता. तो छत्री माझ्यावर धरून स्वतः भिजत होता. इतक्यात मैनाबाई आली. चालत, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन. अंगणातल्या त्या दुपारनंतर आम्ही कामापुरत्याच बोललो होतो.

“धुळं कुठीसाक हाय?” तिने विचारलं.

“लांब आहे. एक रात्र आणि अर्धा दिवस.”

“जंगल हाय?”

“आहे म्हणतात. थोडंसं.”

ती पेटीशेजारी उकिडवी बसली. जरा वेळाने म्हणाली, “कवडू सांगत होता. साहेबानं मास्तराचं नाव पुढं केलतं म्हंते. तुमी नुसतं हो म्हटलं असतं तं झालं असतं.”

“हो.”

“मंग काहून नाई म्हटलं?”

“येत नाही मला, मैनाबाई. तोंडावर आलं की खरंच निघतं. त्याला काय करू?”

लांबून गाडीचा आवाज आला. मैनाबाई उठली, माझी पेटी उचलून काखेत धरली. मी तिला पुन्हा विचारणार होते, तेच, त्या दिवशी तुम्ही मला का सांगितलं नाही. विचारायची गरजच पडली नाही.

“मले मालूम होतं थे,” ती म्हणाली. “म्हनूनच तं तुमाले सांगतलं नव्हतं.”

गाडी थांबली. तिने पेटी वर चढवली, कंडक्टरला “बाईले खिडकी द्या” म्हणून सांगितलं आणि खोळ सावरत कोसमटोल्याच्या वाटेला लागली. तिने मला नावं ठेवली की माझं काही जाणलं, हे मी गाडीत बसून कितीतरी वेळ लावून पाहत होते. चंद्रपूर येईपर्यंत दोन्ही बाजूंनी लावून झालं होतं, आणि दोन्ही बाजूंनी ते बसत होतं.